एका स्फटिकाचे पाते: जेट इंजिन बनवणे इतके अवघड का?

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झालेले पहिले तेजस मार्क-१ए लढाऊ विमान आकाशात झेपावले. विमानाचा सांगाडा, पंख आणि बरीचशी यंत्रणा देशात घडलेली असली, तरी त्याच्या पोटातले इंजिन मात्र अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे आहे. अशा ९९ इंजिनांची मागणी २०२१ मध्ये नोंदवली गेली होती आणि त्यातले पहिले इंजिन भारताच्या हाती आले ते मार्च २०२५ मध्ये, ठरलेल्या मुदतीच्या बऱ्याच नंतर. तेवढा काळ विमाने तयार होण्याचा वेगही इंजिनांच्या वाटेकडे डोळे लावून बसला होता. साहजिकच प्रश्न विचारला गेला की, चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ यान उतरवणाऱ्या देशाला विमानाचे इंजिन का बनवता येत नाही?

या प्रश्नाची राजकीय उत्तरे पुष्कळ दिली जातात आणि त्यांतल्या काहींत तथ्यही आहे. परंतु उत्तराचा मोठा भाग हाताच्या तळव्यावर मावेल अशा एका धातूच्या तुकड्यात दडलेला आहे. तो तुकडा म्हणजे टर्बाइनचे पाते. ते समजले की बाकीचे कोडे बऱ्याच अंशी सुटते.

हे पाते काय सोसते?

जेट इंजिनाचे काम सांगायला सोपे आहे. पुढून हवा आत ओढायची, ती दाबायची, दाबलेल्या हवेत इंधन जाळायचे आणि त्यातून निर्माण झालेला तप्त वायू मागून जोरात बाहेर सोडायचा. मात्र हवा दाबण्यासाठी पुढची चक्रे फिरवणारे कोणीतरी हवे. ते काम ज्वालाकक्षाच्या लगेच मागे बसवलेले टर्बाइन करते. बाहेर पडणारा वायू टर्बाइनच्या पात्यांवर आदळतो, टर्बाइन फिरते, आणि त्याच्याच दांड्यावर बसवलेली पुढची चक्रे हवा दाबत राहतात.

आता या पात्यांची जागा लक्षात घ्या. त्यांच्यावर आदळणारा वायू आधुनिक इंजिनात दीड हजार अंश सेल्सिअसच्या पुढे असतो. ज्या धातूची ती बनलेली असतात, तो तेराशे अंशांच्या आसपास वितळू लागतो. त्यातच हे चक्र मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेत असते. दोरीला दगड बांधून गरगर फिरवला की दोरीला ओढ बसते, तशीच ओढ पात्याच्या मुळाशी बसते. फरक इतकाच की मोठ्या प्रवासी विमानाच्या इंजिनात पाव-अर्धा किलो वजनाच्या एका पात्यावरची ही ओढ दहा टनांच्या पलीकडे जाते. भरलेला मालट्रक एका पात्याला टांगावा, ते पाते लालभडक तापवावे आणि तसेच हजारो तास ठेवावे, असा हा प्रकार आहे.

वायू थोडा थंड ठेवला तर चालणार नाही का, असे कोणी विचारील. चालेल, पण मग तेवढ्याच इंधनात मिळणारा जोर कमी होईल. जेट इंजिनाच्या साऱ्या प्रगतीत वायूचे तापमान वाढवत नेण्याचा वाटा फार मोठा आहे. ब्रिटनमध्ये फ्रँक व्हिटल यांचे इंजिन १९३७ मध्ये प्रथम चालले, तेव्हापासून अभियंत्यांची ओढ अधिक तापमानाकडे राहिली आणि प्रत्येक वेळी त्यांची वाट धातूने अडवली.

धातू वितळत नाही, सरकतो

वितळण्याची पायरी येण्याच्या फार आधी दुसरेच संकट उभे राहते. घरातल्या पुस्तकांच्या लांब फळीवर जाडजूड ग्रंथ रचून ठेवले, तर पहिल्या दिवशी काही होत नाही. पाच-सहा वर्षांनी मात्र फळी मधोमध झोळलेली दिसते. वजन वाढलेले नसते, फळी मोडलेलीही नसते. ती कायमच्या भाराखाली हळूहळू वाकलेली असते. तापलेला धातू नेमका असाच वागतो. सतत ओढ बसत राहिली की तो अगदी सावकाश लांबत जातो. याला विसर्पण असे म्हणतात आणि कारखान्यात सगळे त्याला क्रीप म्हणूनच ओळखतात.

फळी झोळली तर दिसायला वाईट दिसते, एवढेच. टर्बाइनच्या पात्याचे टोक आणि त्याभोवतीचे कवच यांच्यातली फट मात्र मिलिमीटरहूनही कमी असते, त्यामुळे पात्याला लांबण्याची मुभाच नसते. शिवाय हे सरकणे तापमानाला विलक्षण संवेदनशील आहे. ढोबळमानाने सांगायचे तर धातूचे तापमान दहा-पंधरा अंशांनी जरी वाढले, तरी पात्याचे आयुष्य निम्म्यावर येऊ शकते.

हे सरकणे कुठे होते, हे पाहण्यासाठी नवी कोरी पत्र्याची बादली उन्हात धरून पाहावी. तिच्यावर पानाफुलांच्या नक्षीसारखे चकाकते चट्टे दिसतात. तो प्रत्येक चट्टा म्हणजे जस्ताचा एकेक स्वतंत्र स्फटिक असतो. आपल्या वापरातले जवळपास सर्व धातू अशाच असंख्य स्फटिककणांचे बनलेले असतात, बहुधा ते इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. प्रत्येक कणात अणूंच्या रांगा शिस्तीत असतात, पण शेजारच्या कणातल्या रांगांची दिशा वेगळी असते. दोन कण जिथे भेटतात त्या सांध्याला कणसीमा म्हणतात.

थंड धातूत हे सांधे उपकारक असतात; कण जितके बारीक, तितका धातू मजबूत. प्रखर उष्णतेत मात्र याच्या उलट घडते. सांध्यांमधून अणूंची ये-जा वाढते, कण एकमेकांवरून घसरू लागतात, सांध्यांत बारीक पोकळ्या पडतात आणि शेवटी तिथेच तडा जातो. म्हणजे जो गुण म्हणून जपला, तोच भट्टीत दोष ठरतो. यावर सुचलेला उपाय ऐकायला सरळ आणि करायला महाकठीण आहे: पात्यात सांधाच ठेवू नये. संपूर्ण पाते, मुळापासून टोकापर्यंत, एकाच स्फटिकाचे असावे. साखरेची वडी म्हणजे असंख्य दाणे एकमेकांना चिकटून झालेला गोळा, तर खडीसाखरेचा सुटा, टपोरा, कोनदार खडा हा पाकातून सावकाश वाढलेला स्फटिक असतो. साधे ओतीव पाते हे वडीसारखे आणि एकस्फटिकी पाते हे त्या खड्यासारखे समजावे.

पण निकेलच का? टायटॅनियम किंवा टंगस्टन का नाही?

टायटॅनियम हलके आणि बळकट असते, आणि इंजिनाच्या पुढच्या, थंड भागात ते वापरतातही. परंतु साधारण सहाशे अंशांच्या पुढे त्याचा जोर सरतो आणि प्रतिकूल परिस्थितीत ते पेटही घेते. टंगस्टन वितळायला ३४२२ अंश लागतात, पण तप्त हवेत त्याची राख व्हायला वेळ लागत नाही, आणि ते लोखंडाच्या सुमारे अडीच पट जड असल्याने फिरताना स्वतःच्याच वजनाने मुळाला असह्य ओढ देईल. निकेल स्वतः १४५५ अंशांवर वितळते, म्हणजे या शर्यतीत ते पहिले नाही. त्याचे मोल त्याच्या संगतीत आहे.

निकेलमध्ये ॲल्युमिनियम, क्रोमियम, कोबाल्ट, टॅंटलम, टंगस्टन असे पाच-दहा धातू मोजून मिसळले की सुपरअलॉय नावाचा मिश्रधातू तयार होतो. तो थंड होताना त्याच्या पोटात एक विलक्षण बांधकाम आपोआप उभे राहते. निकेल आणि ॲल्युमिनियम यांचे अणू ठरावीक जागी बसून अतिसूक्ष्म घन तयार होतात, ज्यांची बाजू मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाएवढी असते. या घनांभोवती उरलेल्या धातूचा पातळ थर राहतो. कोकणातल्या घराची जांभ्या चिऱ्यांची भिंत डोळ्यांसमोर आणावी: चिरे अधिक, मधला चुना थोडा. उत्तम सुपरअलॉयमध्ये साठ-सत्तर टक्के जागा या चिऱ्यांनीच व्यापलेली असते.

चिऱ्यांचा उपयोग काय होतो? जड सतरंजी अख्खी ओढायला चार माणसे लागतात, पण एका टोकाशी सुरकुती उठवून ती ढकलत दुसऱ्या टोकाला नेली, तर एकटा माणूसही सतरंजी बोटभर सरकवू शकतो. धातूही असाच सरकतो. त्याच्या अणूंच्या रांगांत अशा सुरकुत्या असतात आणि ओढ बसली की त्या पुढे पुढे जातात. सुपरअलॉयमध्ये मात्र या सुरकुत्यांना वाटेत ठायी ठायी चिरे आडवे येतात. त्याहून नवलाची गोष्ट अशी की, हे चिरे तापवल्यावर मऊ पडण्याऐवजी आठशे अंशांच्या आसपासपर्यंत अधिकच ताठर होतात. धातुशास्त्रात अशी उलटी चाल फार थोड्या पदार्थांना साधली आहे, आणि माझ्या मते जेट युगाचे खरे श्रेय या एका गुणाला द्यायला हवे.

चांगल्या पात्यात ऱ्हेनियम नावाचा धातूही तीन टक्क्यांच्या आसपास घालतात, त्यामुळे विसर्पण आणखी मंदावते. तो पृथ्वीच्या कवचात अब्ज भागांत एखादाच भाग सापडतो आणि मुख्यतः तांब्याच्या खाणीतल्या मॉलिब्डेनमच्या मागोमाग हाती लागतो. म्हणून जुनी पाती भंगारात न टाकता वितळवून त्यातले ऱ्हेनियम परत मिळवतात.

पाते ओतावे कसे?

येथे आपण ओतशाळेत शिरतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांनी कास्टिंगची कामे पाहिली आहेत, त्यांना साचा, कोअर, रिजेक्शन हे शब्द नवे नाहीत. टर्बाइनचे पातेही ओतीवच असते, पण वाळूच्या साच्यात ते होत नाही. त्याची पद्धत चोलांच्या कांस्यमूर्तींच्या आणि बस्तरच्या ढोकरा कामाच्या कुळातली आहे. संस्कृत ग्रंथांत तिला मधूच्छिष्टविधान म्हणतात, म्हणजे मेणाच्या प्रतिकृतीवर साचा चढवून मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातू ओतायचा.

आधी पात्याची हुबेहूब मेणाची प्रतिकृती करतात. तिच्या पोटात चिनीमातीसारख्या पदार्थाचा नागमोडी कोअर ठेवलेला असतो, कारण पाते आतून पोकळ हवे असते. मेणावर सिरॅमिकच्या पातळ लगद्याचे थरावर थर चढवतात, मेण काढून टाकतात, साचा भाजतात आणि निर्वात भट्टीत त्यात वितळलेला सुपरअलॉय ओततात. इथपर्यंतचे काम कुशल मूर्तिकाराला ओळखीचे वाटेल. पुढचे मात्र नाही.

साचा एकदम थंड होऊ दिला तर चहूबाजूंनी हजारो कण उगवतील. म्हणून साच्याचा तळ पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या चकतीवर टेकवतात आणि संपूर्ण साचा भट्टीच्या तप्त भागातून मिनिटाला काही मिलिमीटर इतक्या संथ गतीने खाली उतरवतात. धातू तळाकडून वरच्या दिशेने गोठत जातो. तळाशी अनेक कण उगवतात खरे, पण त्यांच्या वाटेवर डुकराच्या शेपटीसारखी पीळदार अरुंद नळी ठेवलेली असते. त्या वळणांत एकमेकांची वाट अडवत बाकीचे कण मागे पडतात आणि एकच वर निघतो. पुढचे सारे पाते त्या एकाच्या पोटी जन्म घेते. त्या स्फटिकाची दिशाही पात्याच्या लांबीशी काही अंशांच्या आत जुळावी लागते, अन्यथा पाते बाद. वाटेत एखादा भटका कण उगवला, आतला कोअर केसभर हलला, साच्याचा कण सुटून धातूत मिसळला, तरीही बाद.

या तऱ्हेने ओतलेली पाती १९८२ मध्ये अमेरिकेच्या प्रॅट अँड व्हिटनी कंपनीच्या इंजिनातून प्रवासी वाहतुकीत आली. त्यामागे त्या कंपनीची सुमारे दोन दशकांची मेहनत होती.

वितळण्याच्या पलीकडच्या उष्णतेत टिकते कसे?

तेराशेला वितळू लागणारा धातू दीड हजार अंशांच्या वायूत कसा राहतो, हा प्रश्न अजून शिल्लक आहे. कागदाच्या पेल्यात पाणी भरून तो मेणबत्तीवर धरला तर कागद जळत नाही, कारण ज्योतीची उष्णता पाणी वाहून नेते. शाळेतला हाच प्रयोग येथे हवेने केला जातो. दाबलेल्या हवेचा थोडा भाग ज्वालाकक्षात न पाठवता पात्याच्या पोटात सोडतात. ही 'थंड' हवाही पाचशे-सहाशे अंशांची असते, पण दीड हजारांच्या शेजारी तिला थंड म्हणायला हरकत नाही. ती आतल्या नागमोडी वाटांनी फिरून पात्याच्या अंगावरच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडते आणि पात्यावर हवेची पातळ चादर पांघरते.

त्यावर आणखी सिरॅमिकचा लेप असतो. हा लेप झिर्कोनियाचा, म्हणजे 'अमेरिकन डायमंड' म्हणून दागिन्यांत बसवतात त्याच्याच जवळच्या नात्यातल्या पदार्थाचा. त्याची जाडी मिलिमीटरच्या चौथ्या भागाहून अधिक क्वचितच असते, पण तेवढ्यात धातूचे तापमान शंभरएक अंशांनी उतरते. मघाशी सांगितलेला दहा-पंधरा अंशांचा हिशेब आठवला, तर या पातळ लेपाची किंमत लक्षात येईल.

मग रॉकेट कसे जमते?

ही तुलना वरवर बिनतोड वाटते, पण दोन यंत्रांची परीक्षा वेगळी आहे. रॉकेटचे इंजिन प्रचंड जोर देते, परंतु ते एका उड्डाणात काही मिनिटे चालते. चांद्रयान-३ ला घेऊन गेलेल्या रॉकेटच्या क्रायोजेनिक टप्प्याचे काम दहा-अकरा मिनिटांत आटोपले. त्याच्या ज्वालाकक्षाच्या भिंतीभोवती अतिथंड इंधनच फिरवून उष्णता काढून घेता येते. विसर्पणाला आपला प्रताप दाखवायला तिथे वेळच मिळत नाही. विमानाच्या इंजिनाला मात्र रोज तापायचे, निवायचे, पुन्हा तापायचे, वाळू आणि खारी हवा गिळायची, आणि हे हजारो तास करायचे असते. शंभर मीटरच्या धावपटूला कोणी 'तू पंढरीची वारी का करत नाहीस' असे विचारले, तर त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. तो वेगळ्या धावेसाठी घडला आहे.

इंजिन उघडून नक्कल का करता येत नाही?

पात्याचा तुकडा प्रयोगशाळेत दिला, तर त्यात कोणता धातू किती टक्के आहे हे काही तासांत कळते. तेवढ्याने काहीच साधत नाही. साचा कोणत्या गतीने खाली उतरवला, भट्टीच्या तप्त आणि थंड भागांत किती अंतर ठेवले, नंतर पात्याला कितव्या अंशावर किती तास भाजले, कोअर कशाचा होता आणि तो शेवटी कशात विरघळवून काढला, यातले काहीही तयार पाते आपण होऊन सांगत नाही. पुरणपोळीत काय काय आहे हे चवीवरून ओळखणाऱ्याला ती न फुटता लाटता येईलच असे नाही. चीनकडे पैसा, मनुष्यबळ आणि उघडून पाहायला रशियन इंजिने सारेच होते. तरीही आपल्या जे-१० विमानांसाठी त्याने अनेक वर्षे रशियाकडूनच इंजिने विकत घेतली.

परवाना घेऊन उत्पादन करणे हा मधला मार्ग आहे आणि तो भारताने चोखाळला आहे. ओझरला तयार झालेल्या सुखोई-३० विमानांची इंजिने ओडिशातल्या कोरापुट येथे रशियन परवान्याखाली घडतात. पण परवान्यात बहुधा 'काय करावे' एवढेच मिळते. 'असेच का करावे' हे मिळत नाही, आणि ते ठाऊक नसेल तर पुढचे इंजिन स्वतः आखता येत नाही.

आपण नेमके कुठे आहोत?

बंगळुरूच्या गॅस टर्बाइन संशोधन संस्थेने हाती घेतलेल्या कावेरी इंजिनाला १९८९ मध्ये मंजुरी मिळाली. अपेक्षेइतका जोर न मिळाल्याने आणि वजन जास्त भरल्याने २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळे करण्यात आले. कावेरीला केवळ अपयश म्हणून मोडीत काढणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्या निमित्ताने देशात बरीच माणसे आणि भट्ट्या तयार झाल्या. हैदराबादची संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळा एकस्फटिकी पाती ओतू लागली आणि २०२१ मध्ये तिने हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी ६० पाती हिंदुस्थान एरोनॉटिक्सला दिली; उद्दिष्ट ३०० पात्यांचे होते. १९७३ मध्ये स्थापन झालेली हैदराबादचीच मिश्र धातु निगम ही कंपनी सुपरअलॉयसारखे विशेष धातू तयार करते. ऑगस्ट २०२५ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी फ्रान्सच्या साफ्रान कंपनीबरोबर नव्या पिढीच्या लढाऊ विमानासाठी देशात इंजिन विकसित करण्याची घोषणा केली. या सहकार्यात पात्यांच्या ओतकामाचे ज्ञान किती खोलवर मिळते, हे एकूण रकमेपेक्षा महत्त्वाचे ठरेल.

तोवर जग थांबलेले नाही. २०१६ पासून सेवेत असलेल्या लीप इंजिनात, जे आपल्याकडच्या अनेक एअरबस ए-३२० निओ विमानांनाही लावलेले आहे, टर्बाइनभोवतीच्या कवचाचे काही भाग सिलिकॉन कार्बाइडच्या धाग्यांनी विणलेल्या सिरॅमिकचे आहेत. साधे सिरॅमिक कपबशीसारखे फुटते. हे धागे तडा पसरू देत नाहीत, आणि वजन निकेलच्या सुमारे एकतृतीयांश भरते. आघाडीवरच्यांनाही ठेच लागते, हेही खरे. प्रॅट अँड व्हिटनीच्या एका इंजिनात टर्बाइनच्या चकत्यांसाठी वापरलेल्या धातूच्या भुकटीत अशुद्ध कण राहिल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले आणि जगभरची शेकडो विमाने तपासणीसाठी जमिनीवर उतरवावी लागली.

पैसा ओतून हे सारे लवकर करता येईल का?

भट्ट्या विकत घेता येतात, तज्ज्ञ नेमता येतात. विसर्पणाची चाचणी मात्र अशी असते की, धातूचा नमुना भट्टीत टांगायचा, त्याला वजन लावायचे आणि तो किती लांबतो ते मोजत राहायचे. तापमान वाढवून निकाल लवकर काढता येतो, पण तो अंदाजच असतो, कारण दीर्घकाळात त्या सूक्ष्म चिऱ्यांचा आकार बदलतो, ते एकमेकांत मिसळून लांबट पट्टे होतात आणि हे लहान चाचणीत पुरते दिसत नाही. १०,००० तास ओढ सोसलेल्या नमुन्याचा खरा आकडा हवा असेल, तर भट्टीपाशी जवळपास चौदा महिने थांबावे लागते, आणि मिश्रणात अर्ध्या टक्क्याचा बदल केला की दुसरा नमुना टांगून पुन्हा पहिल्या तासापासून मोजणी सुरू होते.